पंच्याखालची बोटं

आमच्या बाजारात जनावराचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा हात पुढं करतात, हातांवर पंचा टाकला जातो आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगितला जातो. भोवती वीस माणसं माना लांब करून उभी असली, तरी आकडा दोघांनाच कळतो. बाहेर दिसतात ते फक्त चेहरे, आणि चेहरा कोरा ठेवता आला नाही तर त्या माणसानं बाजारात येऊ नये.

मी त्या पंच्याखाली मोठा झालो. बापाची मेंढरं होती, माझ्या वाट्याला दोन शेळ्या आल्या. आज घोटावड्यात रस्त्याला लागून माझी दुमजली इमारत आहे. खोल्यांत कंपन्यांतली माणसं भाड्यानं राहतात, मागं शेळ्यांची शेड आहे. डोकं तापट आहे हे मी नाकारत नाही. पण सौद्यात मला कुणी हरवलं नव्हतं, ही बाई येईपर्यंत.

बाई नवऱ्याबरोबर खोली बघायला आली. मराठवाड्याकडची माणसं. नवऱ्याला पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी लागलेली. मी भाडं सांगितलं, मुद्दाम थोडं चढवून, कारण समोरचा कमी करणारच. ती म्हणाली, "ठीक आहे." मला लगेच संशय आला. पहिल्या बोलीला हो म्हणणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाहीतर त्याची नजर दुसऱ्याच कशावर असते.

"फक्त जिन्याखालची ती भिंत मला काळी रंगवून द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"फळा पाहिजे. आणि पाच ते सात जिन्याखाली कुणी गाडी लावायची नाही, दादा. तुम्हीसुद्धा."

काळा रंग शेडच्या दरवाजाचा उरलेला होताच. मी हो म्हणालो, वर आपण जिंकलो असं समजून चहा पाजला. महिन्याभरानं बघतो तर जिन्याखाली चटया टाकून चौदा पोरं बसलेली, भाडेकरूंच्या गाड्या रस्त्यावर, आणि माझी स्वतःची गाडी शेळ्यांच्या शेडमध्ये. भिंत माझी, जागा माझी, शब्दही माझाच. आत शिरून ओरडावं म्हणून गेलो आणि पायरीवरच थांबलो. त्या पोरांत माझी मुलगी होती. बायकोनं मला न विचारता तिला बसवली होती.

ती शिकवणी होती निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची. पाचवीतल्या पोरांना ही परीक्षा एकदाच देता येते. पास झालं तर सहावीपासून पुढचं सगळं शिक्षण, राहणं, जेवण तिथंच. गणिताचे प्रश्न असतात, आकृत्यांचे असतात आणि भाषेचे असतात. भाषेत एक उतारा देतात, खाली प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, त्यातलं बरोबर असेल त्याचं गोल काळं करायचं. आमच्या भागातली पोरं गणितात मार खात नाहीत. ती मरतात भाषेत. उताऱ्यात एखादा असा शब्द येतो, जो त्यांच्या घरात कधी कुणी बोललेलं नसतं, आणि प्रश्न नेमका त्याच शब्दाचा असतो.

परीक्षेचं नाव मला अजून नको वाटतं. मी चौथीत होतो तेव्हा शिष्यवृत्तीला बसणाऱ्या पोरांची नावं गुरुजींनी वहीत लिहिली होती. माझं होतं. हिशेबाला वर्गात माझ्यासारखा कुणी नव्हता. मग एक दिवस बघितलं तर नावावर लाल शाईची रेघ. बाप विचारायला आला, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. गुरुजी म्हणाले, "चार महिने मेंढरांमागं असतंय हे. त्याला बसवून शाळेचा निकाल पाडू का?" बाप म्हणाला, "बरं." एवढंच, आणि निघून गेला. गुरुजी अजून हयात आहेत. रस्त्यात भेटले की आता तेच आधी नमस्कार करतात. मी करत नाही.

त्यामुळं मुलगी परीक्षेला बसणार म्हटल्यावर मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. पुण्याला जाऊन शब्दांचं सगळ्यात जाड पुस्तक आणलं. दुकानदाराला विचारलं, ह्यापेक्षा जाड नाही का? रोज वीस शब्द. सकाळी शेळ्यांना पाला टाकताना मी पुस्तक धरायचो आणि ती म्हणायची. अंबर म्हणजे आकाश, अनल म्हणजे अग्नी, अनिल म्हणजे वारा. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांत ती निम्मं पुस्तक घडाघडा म्हणायला लागली. पाहुणे आले की मी तिला उभी करायचो. पाहुणे तोंडात बोट घालायचे. बावधनला राहणारा माझा साडू, जो स्वतःला पुण्याचाच समजतो, तोसुद्धा म्हणाला, "लई तयार केली राव तुमी पोरगी."

मग बाईनं एका रविवारी परीक्षेसारखी परीक्षा घेतली. संध्याकाळी तिनं मला जिन्याखाली बोलावलं आणि मुलीचा कागद दाखवला. पहिले चार प्रश्न बरोबर. पाचव्यापासून पुढं कोरा. एकही गोल काळं केलेलं नव्हतं.

"वेळ पुरला न्हाई व्हय?" मी विचारलं.

"वेळ उरला होता. पाचव्या प्रश्नात असा शब्द आला जो तुमच्या पुस्तकात नाही. तिथं ती थांबली. पुढचे सगळे तिला येत होते, मी नंतर तोंडी विचारले. पण ती त्या शब्दापाशीच बसून राहिली."

मुलगी चटईवर बसून नखं खात होती. मी विचारलं, तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आप्पा, त्यो पुस्तकात नव्हता."

माझं डोकं फिरलं. "पुस्तकात नव्हता म्हणून काय झालं? बाजारात बोकडाच्या गळ्यात त्याचं वय लिहून टांगलेलं असतंय का? मालक सांगतो दोन दाती, असतंय चार दाती. न वळखीचं जनावर म्हणून मी काय रडत घरी येतो का? दात बघ, खूर बघ, शिंगाच्या बुडाला हात लाव, शेजारी काय बांधलंय ते बघ! एवढं समजंना व्हय तुला?"

सगळा जिना दणाणला. वरच्या मजल्यावरचा एक भाडेकरू वाकून बघायला लागला. मला वाटलं आता बाई मला सुनावणार. सुनावण्यासारखं होतंच. पण ती माझ्याकडं अशी बघत होती, जसा मी बाजारात चांगला बोकड दिसला की बघतो.

"दादा, हेच," ती म्हणाली. "अगदी हेच मी दोन महिने सांगायला बघतेय. उद्या पाचला या. एक जनावर घेऊन या आणि पोरांना हे सांगा. फक्त ओरडू नका."

"आणि पुस्तक?"

"पुस्तक महिनाभर बंद. घरी एकही शब्द पाठ करून घ्यायचा नाही."

परीक्षेला दोन महिने राहिलेले. मी म्हणालो, आठ दिवस बंद ठेवतो. ती म्हणाली, महिना. मी पंधरा दिवसांवर आलो. ती म्हणाली, महिना. मी म्हणालो, मग पोरगी पास होईल असं लिहून द्या. ती म्हणाली, "लिहून देणार नाही. मी स्वतः सहा वर्षं सरकारी नोकरीच्या परीक्षा दिल्या आहेत, दादा. दोनदा अगदी थोडक्यात गेल्या. कुणी पास होईल असं लिहून देणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून पोरगी लांब ठेवा."

बोली वाढवायला तिच्याकडं काही नव्हतं, कमी करायलाही काही नव्हतं. एकच आकडा धरून बसलेल्या माणसाशी सौदा करता येत नाही. मी महिना कबूल केला. ते जाड पुस्तक बायकोनं धान्याच्या कोठीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी एक बोकड घेऊन जिन्याखाली गेलो. पोरं खूश. बाईनं फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं: 'चोरी सगळ्यांसमोर उघडी पडली तेव्हा तो ओशाळला आणि मान खाली घालून उभा राहिला.' ओशाळला या शब्दाखाली रेघ. मी बोकडाचं तोंड उघडायला गेलो तसं ती म्हणाली, "दात नंतर. समजा तो तोंड उघडू देत नाही. मग?"

मग मी सांगितलं. बरोबरची जनावरं बघायची, कारण माणूस सहसा एका वेताची, म्हणजे बरोबरच जन्मलेली, एकत्रच आणतो. अंगावरचे केस बघायचे. मालक जनावराचं कौतुक करतोय का ते लपवतोय, ते बघायचं. प्रत्येक वाक्यागणिक बाई फळ्याकडं वळायची. शेजारी काय बांधलंय? मान खाली घातलीय. मालक कौतुक करतोय की लपवतोय? चोरी उघडी पडलीय, म्हणजे गोष्ट बरी नाही. आता त्या शब्दावर अंगठा ठेवा. झाकून टाका. तिथं आपल्या घरचा शब्द घाला.

एक पोरगा म्हणाला, "त्याचं त्वांड उतरलं."

कासारसाईकडून येणारी एक मुलगी म्हणाली, "त्येला लई वंगाळ वाटलं."

मी वाट बघत होतो की आता बाई म्हणेल, नीट बोला. आमच्या गुरुजींनी असं बोललो की हातावर छडी दिली असती. बाई म्हणाली, "शाबास. दोन्ही बरोबर. आता खाली चार शब्द आहेत. आनंदला, लाजला, दमला, पळाला. तुमच्या घरच्या शब्दाच्या सगळ्यात जवळ कोणता?"

"लाजला!" सगळी ओरडली.

ज्या बोलण्याची आम्हाला आयुष्यभर लाज वाटायला लावली, ती बाई त्याचीच पायरी करून पोरांना वर चढवत होती. मी बोकडाच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिलो. कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही.

पण एक खोट मला दिसली आणि ती मी बोललो. ज्यांच्या जमिनी रस्त्याला लागून आहेत अशा घरांतली दोन पोरं मोठ्यानं उत्तर द्यायची आणि बाकीची त्यांच्या मागं. माझी मुलगी तर त्यांचे ओठ बघूनच तोंड उघडायची.

"मॅडम, ही मेंढरं हायेत," मी म्हणालो. "पुढच्या मेंढरानं काठीवरनं उडी मारली की काठी काढून घ्या, मागची तितंच उडी मारत जात्यात. तुमाला वाटतंय चौदा शिकली. शिकली दोन."

"मग तुमच्याकडं काय करतात?" तिनं विचारलं.

मी खांद्यावरचा पंचा काढून तिला दाखवलं. पहिलं उत्तर असेल तर एक बोट धरायचं, दुसरं असेल तर दोन. कुणाला दिसत नाही, चेहरा कोरा ठेवायचा, आणि पंच्याखालचा आकडा बाहेर सांगायचा नाही, हा बाजाराचा कायदा. बाईनं माझा पंचा घेतला आणि तेव्हापासून तो तिच्याकडंच आहे. मी दोनदा मागितला. दोन्ही वेळा म्हणाली, "परीक्षा होऊ द्या."

त्यात तिनं स्वतःची एक भर घातली, जी आमच्या बाजारात कुणाला सुचली नाही. खात्री असेल तर बोट घट्ट धरायचं. नुसता अंदाज असेल तर सैल. सैल धरणाऱ्याला ती कधी बोलली नाही. उलट फळ्यापाशी जाऊन ती तोच प्रश्न पुन्हा उलगडायची, कुणासाठी ते न सांगता. चौदा हातांतला कुठला घट्ट आणि कुठला सैल हे तिला महिनाभर ध्यानात असायचं. मला शेळ्या आठवतात, पण त्यांना निदान रंग असतात.

पहिल्या आठवड्यात ती मला जिन्यात भेटली आणि हळूच म्हणाली, "तुमची मुलगी अनोळखी शब्दाला बोटच धरत नाही. हात येतो आणि नुसता पडून राहतो."

ते ऐकून मी जेवलो नाही. चुकीचं बोट धरलं असतं तर चाललं असतं. पडून राहिलेला हात मला माहीत होता. बाप गुरुजींच्या दारातून परत येताना मी त्याचा हात धरला होता.

मी ओरडलो असतो, पण महिना कबूल केला होता. कोठीवरच्या पुस्तकाकडं बघत मी दिवस काढले. सकाळी पाला टाकताना आम्हा दोघांना बोलायला काही नसायचं, म्हणून मी तिला शेळ्यांचंच सांगायला लागलो. कुठली कुणाकडून घेतली, कुठं फसलो. एकदा चाकणच्या बाजारातून मी सहा दाती शेळी चार दाती म्हणून आणली होती, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मुलीला सांगितलं. ती खूप हसली.

"मंग आप्पा, तुमी तवा रडला?"

"रडतोय कशाला? दुसऱ्या बाजारी पुन्हा गेलो."

ती पाल्याची पेंढी सोडत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. पाण्याच्या लाइनीवरून मी भांडायला निघालो होतो, मुलगी बरोबर होती. कागदावर लिहिलं होतं की गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात आली असून पुढील सोमवारी त्याच वेळी होईल. अक्षरं मला येतात, पण असले शब्द कळत नाहीत, म्हणून असे कागद मी नेहमी समजल्यासारखं करतो आणि दुसऱ्याला विचारतो, "काय मग, काय म्हणता?" म्हणजे तो आपोआप सांगतो. त्या दिवशी तिथं कुणी नव्हतं. मुलगी पुढं झाली, टाचा उंच करून तिनं 'तहकूब'वर अंगठा ठेवला. ओठ हलवले. मग अंगठा 'गणपूर्ती'वर नेला.

"सभा आज न्हाई आप्पा. सोमवारी हाय. म्हंजी आज थांबवली." मग जरा थांबून म्हणाली, "आणि हे कशाच्या तरी कमीमुळं. माणसं कमी आली असत्याल. सैल सांगतेय."

मी म्हणालो, "मला म्हाईत हाय." माहीत नव्हतं. ग्रामसेवकाला फोन लावून विचारलं तेव्हा कळलं, ती बरोबर होती.

त्या संध्याकाळी मी बाईला हे सांगायला गेलो. मला वाटलं ती खूश होईल, माझंही चार शब्दांनी कौतुक करेल, शेवटी अंगठ्याच्या आधी बोकड माझा होता. ती म्हणाली, "चांगलं झालं. पण कागदासमोर तुम्ही होतात. परीक्षेत ती एकटी असेल." आणि पुन्हा पोरांच्या वह्या तपासायला लागली. ही बाई सगळीकडं सांगते की अंगठ्याची पद्धत तिनं बसवली. बोकडाचं नाव काढत नाही. हे मी मनात ठेवलेलं आहे. पण त्या दिवशी ती बोलली ते खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो तसाच आदरही वाटतो.

महिना संपला तेव्हा मी पुस्तक खाली काढलं नाही. सौद्याप्रमाणं काढता आलं असतं.

परीक्षा पौडला होती. गेटबाहेर आईबाप उन्हात उभे, कुणी झाडाखाली. बाई आमच्याबरोबर टेम्पोतून आली होती, माझा पंचा तिच्या खांद्यावर. आत जाताना तिनं कुणालाही शुभेच्छा दिल्या नाहीत, फक्त प्रत्येकाचा अंगठा एकदा दाबला. मला त्या दोन तासांत तीनदा भांडावंसं वाटलं. एकदा पाणीवाल्याशी, एकदा गाडी आडवी लावणाऱ्याशी आणि एकदा उगाचच. शेजारी उभ्या असलेल्या एका बापानं विचारलं, "तुमच्या पोरीचं किती शब्द पाठ हायेत?" मी म्हणालो, "एक बी न्हाई." तो माझ्यापासून जरा लांब जाऊन उभा राहिला.

घंटा झाली. पोरं बाहेर आली आणि गेटवर एकच गोंगाट. किती सुटले, किती राहिले, त्याचं उत्तर काय, याचं काय. ज्याचं उत्तर शेजाऱ्याशी जुळत नव्हतं ते पोरगं तिथंच रडायला लागत होतं. बाईनं आमची चौदा एका बाजूला घेतली. कुणाला काही विचारू दिलं नाही. पंचा काढला आणि एकेकाचा हात त्याखाली घेतला. माझ्या मुलीची पाळी आली. दोघींचे चेहरे कोरे. बराच वेळ लागला. मग बाईनं पंचा उचलला आणि पुढच्या पोराला बोलावलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"पंच्याखालचा आकडा बाहेर सांगत नाहीत, दादा. कायदा तुमचाच आहे."

भर रस्त्यात, चाळीस माणसांत, मी तोंड उघडलं होतं. तिची आई-आजी काढली असती, एवढा राग आला होता. तेवढ्यात मुलीनं बाईच्या हातातून पंचा ओढला आणि माझ्या हातावर टाकला. खाली तिचा हात आला. लहान, घामेजलेला, शाईनं चिकट झालेला. तिनं माझी दोन बोटं धरली, सैल. मग सोडली, आणि सगळा पंजा धरून असा आवळला की अंगठी रुतली.

"दोन अजाबात म्हाईत नव्हतं," ती म्हणाली. "सोडलं न्हाईत."

निकाल अजून लागायचा आहे. येणारा-जाणारा विचारतो आणि मी सांगत नाही. परवा रस्त्यात गुरुजी भेटले. नमस्कार करून म्हणाले, "मुलगी बसली म्हणे परीक्षेला. कशी गेली?"

मी चेहरा कोरा ठेवला. खांद्यावर हात नेला, तर पंचा नव्हता. तो बाईनं पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी ठेवून घेतला आहे, आणि या वेळी मी मागितलासुद्धा नाही.